आगाशीहून आणलेलं ‘नको’

बार्शीहून वसई-विरारकडे फिरायला म्हणून कुणी जात नाही. लग्नाला जातात, पोरानं तिकडं फ्लॅट घेतला की वास्तुशांतीला जातात, आणि परत आल्यावर ‘कसं राहतात बाई लोक तिथं’ म्हणून कानाला हात लावतात. मी गेले शिकायला, तेही चाळिशी उलटल्यावर. आठवडाभर राहून अशी काही खुशीत परत आले की आमच्या घरी आता विरारजवळच्या त्या आगाशीचं नाव काढलं की पोरं उठून दुसऱ्या खोलीत जातात. घरचे ऐकेनात, म्हणून तुम्हाला सांगते.

मी विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, एका जागी बसवत नाही, अशी मुलं गावातल्या साध्या शाळेत बाकीच्यांबरोबर टिकावीत म्हणून झटायचं, हे माझं काम. ‘टिकावीत’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे.

ऋतुजा नावाची माझी एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. माझी म्हणजे शाळेतली. ती स्वमग्न आहे, बोलत नाही. खडूच्या तुकड्यांची रांग अशी लावते की फूटपट्टीनं आखावी. गोड पोरगी. पण सकाळच्या प्रार्थनेला उभी केली की काय होतं कुणास ठाऊक, शेजारच्या मुलीला चावते. दिवाळीआधी एकीच्या दंडावर दात उमटले. त्या मुलीचे आईबाप शाळेत आले, आणि त्यांचं काय चुकलं?

आमचे मुख्याध्यापक बागल सर तसे वाईट नाहीत. पण त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, “मॅडम, प्रशिक्षणाला चाललाय, जाऊन या. आल्यावर महिनाभर बघतो. फरक पडला नाही तर पोरीचं नाव घरच्या शिक्षणाला टाकतो.”

घरचं शिक्षण म्हणजे मुलगी घरात आणि मी आठवड्यातून एकदा तिच्यासमोर तासभर बसणार. ऋतुजाची आई मजुरीला जाते. ती मला फाटकापाशी गाठून म्हणाली, “मॅडम, घरी कुणापाशी ठिवू हिला? बाहेरून कडी लावून जाऊ का?” त्या बाईचा चेहरा घेऊनच मी गाडीत बसले.

आगाशी

गाडीतल्या रात्रीचं काही सांगत बसत नाही, सगळ्यांच्या नशिबी तीच असते. विरारला उतरले आणि मान वर करकरून इमारती बघत बस पकडली. म्हणलं, झालं, आता आठवडाभर सिमेंटच बघायचं. पण बस पश्चिमेला वळली, इमारती विरळ झाल्या, आणि खिडकीतून केळी सुरू झाल्या! केळी, सुपारी, नारळ, मधेच फुलांचे वाफे. अहो, ज्या बाईनं उभा जन्म ज्वारी आणि तूर बघितली तिला नोव्हेंबरात एवढं हिरवं दाखवू नये. मी शेजारच्या बाईला दोनदा विचारलं, “ही शेतं कुणाची?” ती म्हणाली, “शेतं नाहीत, वाड्या आहेत.” आणि परत मोबाईलमध्ये बघायला लागली. तिला त्याचं काही नवल नाही.

बाहेरगावच्या आम्हा शिक्षकांची सोय आगाशीतल्या घरांतून केली होती. माझ्या वाट्याला सुलभाकाकू आल्या. बसथांब्यावर उभ्या होत्या, गोऱ्या, ठेंगण्या, काखेत केळीच्या पानांची गुंडाळी. “बार्शीची मंगल तूच ना? ये. एवढीशी बॅग? राहायला आलीस की तोंड दाखवायला?” ओळख झाली.

त्यांची फुलांची आणि केळीची वाडी आहे. घराच्या मागं एक तळं, त्याला ‘बावखल’ म्हणतात, आणि त्यातलं पाणी वाडीला. घरामागं तळं! आमच्याकडं टँकरच्या वेळा पाठ असतात. काकू मात्र त्या तळ्याकडं हात करून म्हणाल्या, “डास फार होतात गं.” मी कपाळावर हात मारला. काका-काकू आपसात बोलतात ती इथल्या जुन्या घरांची बोली. मराठीच आहे असं वाटत राहतं आणि एक अक्षर कळत नाही. माझ्याकडं वळले की दोघंही पुस्तकासारखं बोलायला लागायचे.

पहिल्याच जेवणाला ताटात मासा आला. मी हात जोडले. “काकू, मासे नको. वास सोसत नाही.”

“मटण खातेस?”

“खाते की.”

“मटण चालतं आणि मासा चालत नाही? हे कुठलं शास्त्र?” पण हसल्या, मासा उचलला आणि त्याजागी उकडहंडी वाढली. मडक्यात कोनफळ, वालाच्या शेंगा, बटाटे असं सगळं कोंडून शिजवलेलं. तांदळाच्या मऊ भाकरीबरोबर मी ती अशी हाणली की काका चष्म्यावरून बघत राहिले. मग मी घरून आणलेली शेंगाची चटणी काढली. काकूंनी बोटावर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि परत घेतली. नंतर त्यांनी पानात बांधलेली सुकेळी दिली, म्हणजे पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेली. मधासारखी गोड आणि चिवट. चघळत झोपले.

हॉल

प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. अशी प्रशिक्षणं मी पुष्कळ बघितली आहेत. कुणीतरी पडद्यावर वाक्यं दाखवतं, तीच वाचून दाखवतं, मग चहा. मी शेवटच्या रांगेत खिडकी धरून बसले.

शिकवायला लीना टीचर आल्या. इथल्याच ख्रिस्ती गावातल्या, उंच, सडपातळ, साडीवर पायात बूट. तोंडातून शब्द न काढता त्यांनी आम्हाला प्रार्थनेच्या रांगेत उभं केलं. प्रत्येकाच्या मानेजवळ कपड्यात खरखरीत काथ्याचा झुबका खोचला. एक ट्यूबलाइट मुद्दाम लुकलुकती ठेवली. आणि कानाशी स्पीकर लावून प्रार्थना चालू केली, मोठ्यानं. मग म्हणाल्या, “हात जोडा. डोळे मिटा. हलायचं नाही.”

मिनिटभरात माझ्या शेजारची अश्विनी ओरडली, “टीचर, प्लीज बंद करा ना, दिमाग खराब होतोय!” ही अश्विनी विरारची, चौदाव्या मजल्यावर राहते, एका खाजगी शाळेत एकाच मुलाशेजारी बसून त्याला शिकवते. निम्मं मराठी, पाव हिंदी, उरलेलं इंग्रजी, आणि सगळं एका दमात. पहिल्या दिवसापासून मला ‘मंगलताई’ म्हणून चिकटली ती चिकटलीच.

लीना टीचरनी स्पीकर बंद केला. “काही मुलांना रोजचीच प्रार्थना अशी जाणवते. आता बोला.”

मी बोलले. मला गप्प बसवत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. “टीचर, काथ्या-बिथ्या सगळं पटलं. पण माझी मुलगी चावते. महिन्याभरात थांबली नाही तर ती शाळेतून जाईल. मला उपाय सांगा.”

“प्रार्थनेला ती हात जोडते?”

“नाही. मी मागं उभी राहून जोडून देते.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मला राग आला. म्हणलं, ही बाई नुसतीच बघते, सांगत काही नाही. चहाला अश्विनीजवळ मी तसं बोलूनही दाखवलं.

कळंब

तिसऱ्या दिवशी लवकर सोडलं आणि आम्ही सगळ्या कळंबला समुद्रावर गेलो. मी समुद्र पहिल्यांदा बघितला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर नुसतं पाणी! मी धावले. साडी वर खोचून, चपलांसकट, या वयात. लाट आली, पायाखालची वाळू निघाली, मी अश्विनीच्या गळ्यात पडले, आणि लाट गेली तेव्हा माझ्या एकाच पायात चप्पल होती.

जवळच एक कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. ती हसून हसून वाकली. “ए बाय, एक नेली त्यानं. दुसरी पन दे आता, जोडी होईल त्याची!” मी खरंच दिली भिरकावून. मग तिनं मला आपल्या झोपडीतली रबरी सपाता घालायला दिल्या, माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या. परत द्यायच्या कशा विचारलं तर म्हणे, “पानी बघायला परत येशील ना, तवा आन.” बार्शीचं माणूस ओळख नसलेल्याला चहा पाजेल, पण पायातलं काढून देणार नाही. बोंबलांचा वास मी त्या आनंदात विसरले होते, बसमध्ये आठवला.

परतताना लीना टीचरनी दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. प्रत्येकीनं एका मुलासाठी केलेली चित्रांची कार्डं आणलीच होती. जी मुलं बोलत नाहीत ती कार्ड काढून देतात, म्हणजे तहान लागली की पाण्याचं चित्र. “उद्या सकाळी उठल्यापासून दुपारी चारला हॉलवर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मान हलवायची नाही, हाताच्या खुणा नाहीत. तुमच्या मुलाकडं जेवढी कार्डं आहेत, तेवढंच तुम्हाला बोलता येतं.”

मला तर उकळ्या फुटल्या. ऋतुजाची कार्डं मी स्वतः काढलेली, रंगवलेली, प्लास्टिकमध्ये घातलेली, एका कडीत ओवून गळ्यात अडकवायची. हॉलमध्ये सगळ्यांत सुबक माझीच होती. उद्या दाखवतेच म्हणलं सगळ्यांना.

न बोलण्याचा दिवस

काकूंना आधीच कल्पना दिलेली होती. त्यांना या खेळाचा एवढा आनंद झाला होता की पहाटेपासून तांदळाचे घावन करत होत्या. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध. मी ‘जेवण’चं कार्ड दिलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. दोन घावन खाल्ले, तोंडात विरघळले, म्हणून ‘आणखी’चं कार्ड दिलं. तिथं चुकले.

तिसरा आला, चौथा आला, पाचवा आला. पोट तट्ट झालं. मी कडी फिरवून कार्डं बघायला लागले: जेवण, पाणी, आणखी, शू, खेळ, बस खाली, गप्प, छान, सॉरी. परत पहिल्यापासून बघितली. सहावा ताटात पडला.

उठायला गेले तर काकूंनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. “पानात टाकून उठतात का? लाजू नको, खा.”

शेवटी ‘शू’चं कार्ड दिलं आणि पळाले. शू लागलीच नव्हती. संडासात नुसती उभी राहिले, थंड भिंतीला टेकून, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परत आले तर ताटात सातवा. मी पुन्हा ‘शू’ पुढं केलं.

“आत्ता तर जाऊन आलीस!” काकू म्हणाल्या. “नाटकं करू नको, बस.”

हे शब्द माझे होते. अगदी याच सुरात. ऋतुजा प्रार्थनेच्या वेळी तीन-तीनदा ‘शू’चं कार्ड देते, आणि मी म्हणते, ‘आत्ताच जाऊन आलीस ना? नाटकं नाही करायची.’ घास हातात तसाच राहिला माझा.

दुपारी वाडीतून आल्यावर काकू माझ्या मागं येऊन बसल्या. “आज गप्पच आहेस तर तुझी वेणी घालते.” त्यांनी परडीत सोनचाफा आणला होता, थोडा उशिरा फुललेला, पिवळाजर्द. आता माझं असं आहे की चाफ्याच्या वासानं माझं डोकं उठतं. लहानपणापासून. अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. फुलं झाडावर असली तर ठीक, केसात म्हणजे मेलेच. एरवी एका शब्दाचं काम होतं, माशाच्या वेळी झालं होतं तसंच. पण शब्द नव्हता. काकू गुणगुणत विंचरत होत्या, किती मायेनं ते कळत होतं, आणि तेच आणखी वाईट होतं. पहिलं फूल कानामागं आलं. मी पुढं सरकले, त्यांनी मागं ओढलं. दुसरं फूल. वास डोक्यात चढला. कडी चाचपडले: जेवण, पाणी, खेळ, छान. छान! 

आणि माझा हात उठला. मी उठवला नाही, तो उठला. काकूंच्या मनगटावर फटकन बसला. परडी उडाली, चाफा अंगणभर झाला.

काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्या मनगट धरून उभ्या राहिल्या. काका दारात आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काय करावं कळेना, बोटं कडीवर फिरली, आणि एक कार्ड सापडलं. ‘सॉरी’चं. ते होतं. ते आम्ही सगळ्यांत आधी करतो.

ते काकूंच्या हातात ठेवलं आणि मला रडू फुटलं. काकूंना वाटलं मी मारलं म्हणून रडतेय. तसं नव्हतं. ऋतुजा किती वेळा हे कार्ड मला देऊन गेली असेल! चावल्यावर ‘सॉरी दे’ म्हणून मी तिचा हात धरून द्यायला लावायचे. चावण्याच्या आधी म्हणायला तिच्याजवळ काय होतं? मी दिलंच नव्हतं. माफी मागायला शिकवलं होतं, आणि ती वेळच येऊ नये म्हणून जे लागतं ते कार्ड मी काढलंच नव्हतं. मी नियम मोडला. “काकू,” म्हणलं, “मला चाफा नको होता.”

“मग नको म्हणायचं ना गं,” काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनाही काय ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या गळ्यातली कडी हातात घेऊन सगळी कार्डं एकेक करून बघितली.

चार वाजता हॉलमध्ये लीना टीचरनी सगळ्यांना कार्डं जमिनीवर मांडायला लावली. लांबच लांब ओळी झाल्या, रंगीत, सुंदर. मग म्हणाल्या, “यात ‘नको’ कुणाकडं आहे?”

सगळ्या वाकून शोधायला लागल्या. कुणी जमिनीवर बसून शोधत होत्या. अश्विनीनं तिची कार्डं तीनदा उलटीपालटी केली. “मंगलताई, माझ्याकडं आइस्क्रीमचे पण तीन फ्लेवर आहेत,” ती हळूच म्हणाली, “आणि नको नाहीये यार.” एकीपाशीही नव्हतं. आम्ही सगळ्या शिकलेल्या, वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या, आणि एकीलाही सुचलं नाही, कारण कुठली शिक्षिका आपल्या हातानं मुलाला ‘नको’ काढून देईल?

लीना टीचर रागावल्या नाहीत. “माझ्याही पहिल्या कार्डांत नव्हतं,” म्हणाल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मला का सांगितलं नाही, हे तेव्हा मला कळलं. सांगितलं असतं तर मी वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरले असते.

पण वाद मी घातलाच. “टीचर, ‘नको’ दिलं तर ती सगळ्यालाच नको म्हणेल!”

“म्हणेल. तुझी मुलं घरी म्हणत नाहीत?”

“तिला अभ्यास नको, शाळा नको असं झालं तर? आमचे सर मला उभी सोलतील.”

“पहिले काही दिवस प्रत्येक ‘नको’ ऐकायचं, मंगल. कितीही जड गेलं तरी. एकदा तिला खात्री पटली की हे कार्ड चालतं, की मग दातांची गरज उरत नाही. औषधासारखी गोष्ट टाळता येणार नाही, ती द्यावीच लागेल. तेव्हाही सांगायचं, तुला नको आहे हे मला कळलं.”

रात्रीच्या जेवणाआधी काकूंच्या ओट्यावर कार्ड तयार झालं. अश्विनी आली होती फोटो काढायला. काकूंनी हातात चाफा धरला, मी तो उलट्या हातानं लोटला, ऋतुजा नेमकी तशीच लोटते. काकू एवढ्या हसत होत्या की फोटो हलायचे. दुसऱ्या दिवशी लीना टीचरनी फोटो नापास केला. “फूल काढ. पोरगी समजेल हे फुलाचं कार्ड आहे. चित्रात एकच गोष्ट.” मग लाल कागदावर फक्त माझा हात राहिला.

निघताना काकूंनी सुकेळ्यांची पुडी माझ्यासमोर धरली आणि मुद्दाम विचारलं, “हवं की नको?” मी दोन पुड्या घेतल्या.

परत बार्शीत

आल्या आल्या वाटाण्यांपासून सुरुवात केली. ऋतुजाला खिचडीतले वाटाणे सहन होत नाहीत. चमचा पुढं नेला, तिचा हात फटका मारायला उठला, आणि त्या दिवशी मजुरी बुडवून तिच्या मागं बसलेल्या आईनं तो हात अलगद लाल कार्डावर नेला, ते तिच्याकडून माझ्या हातात देववलं. “नको? बरं!” म्हणलं आणि चमचा बाजूला. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. सरळ डोळ्यांत. ती कधी बघत नाही.

त्यानंतर नुसता ‘नको’चा पाऊस. वही नको. वेणी नको. आईची हाक नको. मंगल मॅडम नको, मला स्वतःला दिवसातून कितीदा तरी मिळालं. मी प्रत्येक वेळी “बरं” म्हणून मागं सरायची आणि मनातून घाबरलेली असायची. बागल सर दारातून बघत होते. “हे शिकून आलात होय तिकडून? पोरगी कामालाच नाही म्हणायला लागली.” महिना संपत आला होता. फाटकापाशी ऋतुजाची आई काही विचारायची नाही, नुसती बघायची.

मग एका सकाळी प्रार्थनेला मी तिला नेहमीच्या जागी उभी केली, पुढच्या रांगेत, नजरेसमोर राहावी म्हणून. हात जोडून दिले नाहीत, ते आगाशीहून आल्यापासून बंद केलं होतं. सरांनी माईक चालू केला. शाळेचा नवा भोंगा सरांच्या कौतुकाचा, खांबाला बांधलेला. तो कर्रर्र करून वाजला आणि ऋतुजाचं अंग ताठ झालं. शेजारच्या मुलीनं आपला दंड लपवला. मी धावले.

पण मी पोचायच्या आत ऋतुजा रांगेतून निघाली. सगळ्या शाळेसमोरून चालत ओट्याच्या पायऱ्या चढली आणि गळ्यातलं लाल कार्ड काढून बागल सरांच्या हातात ठेवलं.

सर माईकसकट थांबले. “हे काय? कशाला नको म्हणतीय ही?”

मी खांबाकडं बघितलं. भोंग्याच्या बरोबर खाली मी तिला इतके दिवस उभी करत होते. “सर,” म्हणलं, “भोंग्याला.”

सरांनी कार्ड बघितलं, मग ऋतुजाकडं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, कानांवर हात ठेवून वाट बघत होती. चावली नव्हती, ओरडली नव्हती. विनंती केली होती, रीतसर, मुख्याध्यापकांना. सरांनी खाली वाकून बटण बंद केलं. “भोंग्याशिवाय म्हणा रे,” ते नुसत्या आवाजात म्हणाले. मुलांनी प्रार्थना म्हणली, थोडी वरखाली, साध्या गळ्यानं. ऋतुजा पायऱ्या उतरून आपल्या जागी गेली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. फाटकाबाहेर तिची आई पदर तोंडावर धरून उभी होती.

प्रार्थना संपल्यावर सर माझ्याजवळ आले. कार्ड त्यांनी बेध्यानात खिशात घातलेलं होतं. “मॅडम, ते घरच्या शिक्षणाचं राहू द्या. पोरगी इथंच बसू दे.”

तेवढ्यात कुणीतरी सरांचा शर्ट ओढला. ऋतुजा होती. तिनं तळहात पुढं केला.

“आता काय पाहिजे बाळा?” सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी खिशातून तिचं ‘नको’ काढून तिला परत दिलं.